सेलबर्नचा हिवाळा : गिल्बर्ट व्हाइटची बाग, तळी आणि भिंगऱ्यांचा प्रश्न

युरोपातील निसर्गविज्ञानाचा इतिहास बहुधा दूरच्या समुद्रप्रवासांच्या आणि मोठ्या संग्रहांच्या आधारे सांगितला जातो. १७६८ मध्ये कॅप्टन कुक पॅसिफिक महासागराच्या सफरीवर निघाला आणि त्याच्याबरोबर जोसेफ बँक्स हा वनस्पतिशास्त्रज्ञही गेला, ही घटना अशा इतिहासात हमखास आढळते. त्याच १७६८ च्या जानेवारीत इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातील सेलबर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाच्या एका धर्मोपदेशकाने आपल्या बागेत आणि परिसरात दिसणाऱ्या प्राण्यांची, वनस्पतींची व हवामानाची रोजनिशी लिहावयास प्रारंभ केला. ही दुसरी घटना त्या मानाने क्षुल्लक वाटते. परंतु निरीक्षण म्हणजे काय, ऐकीव गोष्ट कोणती आणि पुरावा कोणता, या प्रश्नांची उकल करणाऱ्यास या रोजनिशीतून जे मिळते ते कित्येक सफरींच्या वृत्तांतांतून मिळत नाही. विशेषतः तिच्यातील हिवाळ्याच्या नोंदी या दृष्टीने उद्बोधक आहेत. हिवाळ्यात प्राणिसृष्टीचा मोठा भाग दृष्टीआड होतो. आणि जे दिसत नाही त्याविषयी मनुष्य काय मानतो व कशाच्या बळावर मानतो, याची कसोटी त्याच ऋतूत लागते.

१

व्हाइटचा जन्म १८ जुलै १७२० रोजी सेलबर्न येथे झाला. ऑक्सफर्डच्या ओरिएल महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले व १७४४ मध्ये त्याची तेथील फेलो म्हणून निवड झाली. पुढील आयुष्याचा बहुतेक काळ त्याने सेलबर्नमधील ‘द वेक्स’ या वडिलार्जित घरात घालविला आणि २६ जून १७९३ रोजी तो तेथेच मरण पावला. लंडनपासून सुमारे पन्नास मैलांवर असलेले हे गाव एका खडूच्या टेकडीच्या पायथ्याशी वसले आहे. बीच वृक्षांनी झाकलेल्या तिच्या उताराला ‘हँगर’ असे नाव आहे. व्हाइटने स्वतः दिलेल्या आकड्यांप्रमाणे १७८३ मध्ये सेलबर्नच्या साऱ्या परगण्यात ६७६ माणसे राहत होती.

रोजनिशीची सवय व्हाइटला बागेमुळे लागली. १७५१ पासून तो बागकामाची दिनदर्शिका लिहीत असे. बियाणे कधी पेरले, खरबुजांचे वाफे कधी तयार केले, काकड्या कधी लागल्या, अशा या नोंदी होत्या. पुढे डेन्स बॅरिंग्टन या न्यायपंडिताने निसर्गनिरीक्षणासाठी एक छापील तक्ता योजिला आणि व्हाइटचा भाऊ बेंजामिन, जो लंडनमध्ये पुस्तकविक्रेता व प्रकाशक होता, त्याने तो प्रसिद्ध केला. या तक्त्यात तापमान, वायुभार, वारा, पाऊस, झाडांना पालवी फुटण्याचा दिवस, फुले उमलण्याचा दिवस आणि पक्षी व कीटक प्रथम दिसण्याचा किंवा नाहीसे होण्याचा दिवस यांसाठी वेगवेगळे रकाने होते. दर आठवड्यास एक पान, या रीतीने व्हाइटने तो तक्ता १७६८ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षांहून अधिक काळ, भरला.

रकान्याचे महत्त्व येथे ध्यानात घेतले पाहिजे. पत्र लिहिणारा मनुष्य जे आश्चर्यकारक असेल तेच लिहितो. परंतु रकाना रिकामा राहिला तर तोही बोलतो. अमुक आठवड्यात अमुक पक्षी दिसला नाही, ही नोंद तक्त्यामुळेच शक्य झाली. व्हाइटचा प्रसिद्ध ग्रंथ, सेलबर्नचा निसर्गेतिहास, १७८८ च्या अखेरीस बाहेर पडला. त्याच्या मुखपृष्ठावर १७८९ हे साल आहे. प्राणिशास्त्रज्ञ टॉमस पेनंट यास ४४ आणि बॅरिंग्टन यास ६६ पत्रे, अशी त्याच्या निसर्गविषयक भागाची रचना आहे. यांतील काही पत्रे प्रत्यक्षात कधी धाडलेलीच नव्हती. ती ग्रंथासाठी लिहिली गेली. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकास ग्रंथ आणि रोजनिशी ही दोन्ही साधने एकमेकांशी ताडून पाहावी लागतात.

२

हिवाळ्यात पक्षी जगतात कसे, हा व्हाइटचा एक आवडता प्रश्न होता. दाणे खाणाऱ्या पक्ष्यांचे कोडे फारसे अवघड नव्हते. परंतु रॉबिन, रेन, धोबी यांसारखे मृदू चोचीचे पक्षी कीटकांवर जगतात, आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात कीटक तर दिसत नाहीत. पेनंटला लिहिलेल्या एका पत्रात व्हाइटने या प्रश्नाचे उत्तर एकेका पक्ष्याच्या वागणुकीवरून दिले आहे. धोबी पक्षी झऱ्यांच्या उगमाजवळचा उथळ प्रवाह सोडत नाहीत, कारण ते पाणी कधी गोठत नाही व त्यात जलकीटकांचे कोश सापडतात. रॉबिन आणि रेन हे गोठ्यांत, तबेल्यांत व कोठारांत शिरतात. थंडीसाठी तेथे दडून बसलेले कोळी व माश्या त्यांचे अन्न होते. कुंपणात राहणारी एक चिमणी मोऱ्यांच्या व गटारांच्या तोंडाशी खरकटे वेचते. मोठा टिट पक्षी हिमवर्षावाच्या दिवसांत शाकारलेल्या घरांच्या वळचणीतून काडी काडी ओढून काढतो आणि काड्यांमध्ये लपलेल्या माश्या खातो. त्याच्या या उद्योगाने छपरांची पार दुर्दशा होते. निळ्या टिटला चरबीचा इतका सोस की तो खाटकांच्या दुकानांभोवती घोटाळत राहतो. या सर्वांचा मुख्य आधार म्हणजे झाडांच्या डहाळ्यांना, बागेच्या भिंतींना, कुंपणांना आणि जमिनीलाही चिकटलेले फुलपाखरांचे व पतंगांचे असंख्य कोश होत, असा त्याने निष्कर्ष काढला.

हा निष्कर्ष साधा दिसतो, पण त्यात एक महत्त्वाचा विचार आहे. हिवाळ्यातील बाग निर्जीव नसते; जीवसृष्टी तेथे असतेच, फक्त आपले रूप आणि जागा बदलून असते. पाकोळ्या व भिंगऱ्या यांच्या प्रश्नाचा विचार करताना व्हाइटच्या मनात हीच कल्पना सतत वावरत होती, हे पुढे दिसून येईल.

तळ्यांच्या निरीक्षणातही हीच सूक्ष्मता आढळते. सेलबर्नजवळच्या वुलमर अरण्यात वुलमर नावाचे तळे होते. त्याचा परिघ २,६४६ यार्ड आणि क्षेत्र सुमारे ६६ एकर, अशी मोजमापे त्याने दिली आहेत. उन्हाळ्यात दुपारी गुरे या तळ्यात पोटापर्यंत पाण्यात उभी राहत, त्यांच्या शेणावर कीटक पोसत आणि त्या कीटकांवर मासे पोसत. एका प्राण्याच्या विश्रांतीतून दुसऱ्याची उपजीविका कशी चालते, याचे हे वर्णन आजच्या परिस्थितिविज्ञानाच्या अभ्यासकालाही जवळचे वाटेल. हिवाळ्याच्या कडक थंडीत याच तळ्यावर रानबदकांचे मोठमोठे थवे उतरत. दिवसभर ते पाण्यावर निर्धास्तपणे पिसे साफ करीत बसत. सूर्यास्ताच्या सुमारास लहान लहान टोळ्यांनी ओढ्यांकडे व कुरणांकडे चरावयास निघत, आणि पहाटेबरोबर परत येत. ही बदके स्वभावतः निशाचर आहेत, असे त्याने यावरून नमूद केले.

चॅफिंच या पक्ष्याविषयीची नोंदही उल्लेखनीय आहे. हिवाळ्यात सेलबर्नच्या शेतांत चॅफिंचांचे जे प्रचंड थवे दिसत, त्यांत जवळजवळ सर्व माद्याच असतात, असे व्हाइटने १७६८ च्या जानेवारीतील पत्रात लिहिले. स्वीडनमध्ये लिनियसने या पक्ष्याला ‘अविवाहित’ या अर्थाचे नाव दिले होते, कारण तेथे हिवाळ्यात माद्या दक्षिणेकडे जातात व नर मागे राहतात. सेलबर्नमधील माद्यांचे थवे आणि स्वीडनमधील एकटे नर ही एकाच घटनेची दोन टोके होती. एका खेड्यातील नोंद दुसऱ्या देशातील नोंदीशी जुळते तेव्हाच तिचा पूर्ण अर्थ कळतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

३

१७७६ चा आणि १७८४ चा असे दोन हिवाळे व्हाइटने विशेष तपशिलाने वर्णिले आहेत. १७७६ च्या जानेवारीत ७ तारखेपासून हिमवर्षाव सुरू झाला, रस्ते बुजले, पक्षी घरांच्या आश्रयाला आले आणि ३१ जानेवारीस सूर्योदयापूर्वी सेलबर्नचा पारा बरोबर शून्य अंश फॅरनहाइटवर, म्हणजे गोठणबिंदूच्या ३२ अंश खाली, उतरला.

१७८४ च्या डिसेंबरातील प्रसंग अभ्यासपद्धतीच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. त्या महिन्याच्या १० तारखेस रात्री अकरा वाजता व्हाइटच्या घरचा तापमापक शून्याच्याही एक अंश खाली गेला. त्याच्याजवळ आणखी एक तापमापक होता; परंतु त्याच्यावरील खुणा शून्याच्या वर चार अंशांपर्यंतच होत्या आणि पारा त्याखाली उतरून पितळी आवरणात नाहीसा झाला, त्यामुळे ऐन वेळी तो निरुपयोगी ठरला. न्यूटन हे शेजारचे गाव सेलबर्नपेक्षा दोनशे फुटांहून अधिक उंचीवर आहे. तेथे थंडी अधिकच असणार, अशी सर्वांची खात्री होती. तेथील एका गृहस्थांनी व्हाइटच्या विनंतीवरून आपला तापमापक बाहेर टांगला, तेव्हा त्याच रात्री त्याच वेळी तेथे पारा १७ अंशांवर असल्याचे कळले. हा आकडा अपेक्षेच्या इतका उलट होता की न्यूटनचे उपकरण सदोष असावे, असा प्रथम संशय आला. म्हणून व्हाइटने आपल्यापैकी एक तापमापक वर पाठविला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहण्यात आले. दोन्ही अगदी बरोबर चालत होते. म्हणजे त्या रात्री उंचावरील गावात सखल गावापेक्षा १८ अंश कमी थंडी होती. आणि संपूर्ण थंडीच्या काळात हा फरक दहाबारा अंशांचा राहिला.

याची साक्ष बागेने दिली. व्हाइटच्या बागेतील लॉरेल, बे, सायप्रस इत्यादी सदाहरित झाडे जळाल्यासारखी झाली. न्यूटनमधील त्याच जातीच्या झाडांचे मात्र एक पानही गळले नाही. शांत, निरभ्र रात्री थंड व जड हवा उतारावरून खाली येऊन दरीत साठते, ही गोष्ट आज हवामानशास्त्रात सर्वमान्य आहे. येथे लक्षात घेण्यासारखे आहे ते हे की, आकडा अपेक्षेविरुद्ध आला तेव्हा तो टाकूनही दिला नाही आणि निमूट स्वीकारलाही नाही. उपकरण तपासून मग तो मान्य केला गेला. अशी तपासणी ज्या प्रश्नात करता येणे शक्य नव्हते, त्या प्रश्नाकडे आता वळावयाचे आहे.

४

भिंगऱ्या हिवाळ्यात कोठे जातात? अठराव्या शतकातील युरोपात हा प्रश्न वादग्रस्त होता. ॲरिस्टॉटलने काही भिंगऱ्या पिसे गाळून कपारींत दडतात असे लिहून ठेविले होते. १५५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओलाउस मॅग्नुस या स्वीडिश धर्मगुरूच्या ग्रंथात मच्छीमार जाळ्यातून माशांबरोबर भिंगऱ्याही ओढून काढीत असल्याचे चित्र आहे. सतराव्या शतकात चार्ल्स मॉर्टन या इंग्रजाने पक्षी चंद्रावर जातात असे प्रतिपादिले. खुद्द लिनियसचाही भिंगऱ्या पाण्याखाली राहतात यावर विश्वास होता. बॅरिंग्टनने १७७२ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक दीर्घ निबंध लिहून पक्ष्यांच्या समुद्रापार स्थलांतराविषयी तीव्र शंका व्यक्त केली. म्हणजे ज्याच्या छापील तक्त्यावर व्हाइट नोंदी करीत होता आणि ज्याला तो पत्रे लिहीत होता, तोच स्थलांतराच्या कल्पनेचा प्रमुख विरोधक होता.

व्हाइटची भूमिका या दोन टोकांच्या मध्ये होती. बहुसंख्य भिंगऱ्या दक्षिणेकडे जातात, हे त्याला मान्य होते. त्याचा भाऊ जॉन जिब्राल्टर येथे धर्मोपदेशक होता आणि वसंतात व शरदात भिंगऱ्यांचे असंख्य थवे सामुद्रधुनी ओलांडताना त्याने पाहिले होते. परंतु काही थोड्या भिंगऱ्या, निदान उशिरा जन्मलेली पिले, इंग्लंडमध्येच कोठेतरी सुप्तावस्थेत हिवाळा काढीत असाव्यात, ही शंका व्हाइटच्या मनातून अखेरपर्यंत गेली नाही.

या शंकेला आधार होते आणि ते त्याच्या स्वतःच्या नोंदींतून आले होते. मार्टिन जातीच्या भिंगऱ्या मोठे थवे निघून गेल्यानंतरही ऑक्टोबरात, क्वचित नोव्हेंबरातही, एखाददुसऱ्या दिवशी दिसत. वसंतात पहिली भिंगरी बहुधा तळ्यांजवळ किंवा पाणचक्कीच्या बंधाऱ्याजवळ आढळे. १७७० व १७७१ च्या वसंतात लवकर आलेल्या भिंगऱ्यांना हिम आणि बर्फ आडवे आले, तेव्हा त्या काही दिवस पूर्णपणे अदृश्य झाल्या. दूर देशाला परत जाण्यापेक्षा जवळपास दडणे अधिक संभवनीय, असे व्हाइटला यावरून वाटले. शिवाय वटवाघळाचे उदाहरण त्याच्या नित्य पाहण्यातले होते. हिवाळ्यातही तापमापक ५० अंशांवर गेला की पतंग हालचाल करू लागतात आणि वटवाघळे बाहेर पडतात, असे त्याने पाहिले होते. वटवाघूळ असे करू शकते तर कीटकांवरच जगणारी भिंगरी का करू शकणार नाही, हा तर्क अगदीच निराधार नव्हता.

बागेतील कासवाने या तर्काला आणखी बळ दिले. टिमोथी नावाचे हे कासव व्हाइटच्या आत्याकडे, ससेक्समधील रिंगमर येथे, भिंतींनी वेढलेल्या लहानशा अंगणात तीस वर्षांहून अधिक काळ होते. १ नोव्हेंबर १७७१ रोजी त्याने हिवाळ्याचे बीळ खणावयास आरंभ केला, ही नोंद व्हाइटने दिली आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर ते जमिनीत जाई व एप्रिलच्या मध्यावर वर येई. खणताना त्याचे पाय इतके सावकाश हलत की व्हाइटने त्यांची तुलना घड्याळाच्या तासकाट्याशी केली. १७८० च्या मार्चमध्ये आत्या मरण पावल्यावर व्हाइटने या कासवाला त्याच्या बिळातून उकरून काढले आणि घोडागाडीतून ऐंशी मैलांचा प्रवास करवून सेलबर्नला आणले. वाटेतील हिसक्यांनी ते जागे झाले. बागेत सोडताच दोनदा टोकापर्यंत चालत गेले. आणि संध्याकाळी थंडी पडताच पुन्हा भुसभुशीत मातीत शिरले. वर्षातील पाच महिने एक प्राणी पायाखालच्या मातीत निश्चेष्ट पडून असतो आणि तरीही जिवंत असतो, हे ज्याने इतक्या जवळून पाहिले, त्याला भिंगरीचे दडून राहणे अशक्य वाटले नाही, यात नवल नाही. हे कासव नर समजले जात होते. १७९४ मध्ये ते मेल्यानंतर ते मादी होते असे आढळून आले. त्याचे कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जतन केलेले आहे.

५

तर्क संभवनीय असला तरी पुरावा हवा, ही व्हाइटची वृत्ती होती. आणि या प्रश्नात त्याने साक्षीदारांची जी छाननी केली ती इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावी. ४ ऑगस्ट १७६७ च्या पेनंटला लिहिलेल्या पत्रात अशा दोन साक्षी आहेत. एका चौकस धर्मोपदेशकाने सांगितले की, त्याच्या लहानपणी वसंताच्या आरंभी एका चर्चचा मनोरा पाडताना मजुरांना ढिगाऱ्यात दोनतीन पाकोळ्या मेल्यासारख्या आढळल्या, आणि शेगडीजवळ नेल्यावर त्या हलू लागल्या. दुसऱ्या एका समंजस गृहस्थाने सांगितले की, तो ब्रायटन येथे शाळेत असताना एका वादळी हिवाळ्यात खडूच्या कड्याचा मोठा भाग किनाऱ्यावर कोसळला आणि त्या ढिगाऱ्यात लोकांना पुष्कळ भिंगऱ्या सापडल्या. व्हाइटने त्याला विचारले की, त्या भिंगऱ्या तुम्ही स्वतः पाहिल्या काय? त्यावर उत्तर नकारार्थी आले. इतरांनी खात्रीपूर्वक सांगितले होते, एवढेच. या उत्तराने आपली फार निराशा झाली, असे व्हाइट मोकळेपणाने लिहितो.

ही निराशाच महत्त्वाची आहे. साक्ष व्हाइटला हवी असलेली होती. तिने त्याच्या मताला पुष्टी मिळणार होती. तरीही, ‘तुम्ही स्वतः पाहिले काय?’ हा प्रश्न त्याने टाळला नाही, आणि उत्तर प्रतिकूल आले तेव्हा ते दडपलेही नाही. आपल्या बाजूच्या साक्षीदाराची उलटतपासणी करणे हे न्यायालयात काय किंवा इतिहासात काय, सर्वांत अवघड कर्तव्य होय.

पाण्याखाली राहण्याच्या समजुतीविषयीही त्याने असाच शोध घेतला. शरदात टेम्स नदीतील लहान बेटांवरच्या वाळुंजांवर संध्याकाळी भिंगऱ्यांचे मोठे थवे उतरतात. पाण्याजवळच्या त्यांच्या या मुक्कामामुळे उत्तरेकडील देशांत ही समजूत दृढ झाली असावी, असे त्याने सुचविले. एखादी चुकीची समजूत कशी उत्पन्न झाली याचा शोध घेणे हे तिचे नुसते खंडन करण्यापेक्षा अधिक उपयुक्त असते. आणि त्याचबरोबर, स्वीडनमधील एक निसर्गज्ञ भिंगऱ्या पाण्यात शिरण्याविषयी इतक्या सहजपणे बोलतो, जणू कोंबड्या सूर्यास्तापूर्वी खुराड्यात जातात असेच सांगत आहे, असा मिस्कील शेराही त्याने मारला आहे.

पुढे व्हाइटने प्रत्यक्ष शोधही करविला. १७८१ च्या एप्रिलमध्ये हँगरच्या आग्नेय टोकाची झुडपे व मुळांच्या पोकळ्या मजुरांकडून तपासण्यात आल्या. एकही भिंगरी सापडली नाही. रोजनिशीत ११ एप्रिलची नोंद अशी आहे की, मजूर ती जागा धुंडाळीत असतानाच एक मार्टिन भिंगरी गावच्या रस्त्यावरून उडत आली आणि एका घराच्या वळचणीतील घरट्यात शिरली. ज्या पक्ष्याला जमिनीत शोधले जात होते तो आकाशातून आला. परंतु व्हाइटने या योगायोगावरून कोणताच निर्णय दिला नाही. ती भिंगरी हँगरमधून निघाली की समुद्रापलीकडून आली, हे त्या नोंदीवरून ठरविता येत नव्हते आणि ते त्याला ठाऊक होते.

येथे व्हाइटच्या पद्धतीची मर्यादा स्पष्ट होते. तापमापकाच्या प्रश्नात दोन्ही टोके त्याच्या आवाक्यात होती. उपकरण टेकडीवर नेता येत होते. भिंगऱ्यांच्या प्रश्नाचे दुसरे टोक हजारो मैल दूर होते. एका जागी राहून केलेले निरीक्षण कितीही सूक्ष्म असले तरी ते ‘येथे दिसत नाही’ इतकेच सांगू शकते. ‘तेथे आहे’ हे सांगण्यास तेथेही कोणी निरीक्षक असावा लागतो, आणि दोन्हीकडे दिसणारा पक्षी एकच आहे हे ओळखण्याची खूण असावी लागते.

६

ही खूण मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. देवीच्या लसीचा जनक एडवर्ड जेन्नर याने काही पाकोळ्यांची नखे कापून त्या पुन्हा त्याच ठिकाणी येतात काय हे पाहिले होते. त्याचा पक्षिस्थलांतरावरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १८२२ मध्ये जर्मनीतील मेक्लेनबर्ग येथे मारलेल्या एका करकोच्याच्या मानेत आफ्रिकी बनावटीचा भाला अडकलेला सापडला. तो पक्षी रॉस्टॉक विद्यापीठात आजही आहे. १८९९ मध्ये डेन्मार्कमधील शिक्षक मॉर्टेन्सन याने क्रमांक घातलेली ॲल्युमिनियमची कडी स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत अडकविली आणि शास्त्रशुद्ध कडेपद्धतीचा पाया घातला. इंग्लंडमध्ये १९०९ मध्ये हॅरी विदरबी याने अशी योजना सुरू केली. या योजनेतील एक कडे जॉन मेसफील्ड याने ६ मे १९११ रोजी स्टॅफर्डशायरमधील आपल्या घरी घरटे करणाऱ्या एका भिंगरीच्या पायात घातले. २३ डिसेंबर १९१२ रोजी तीच भिंगरी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात, युट्रेक्ट गावाजवळच्या एका शेतघरात, पकडली गेली. दोन्ही ठिकाणांमध्ये सुमारे सहा हजार मैलांचे अंतर होते. इंग्लंडच्या भिंगऱ्या हिवाळ्यात कोठे असतात, या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर अशा रीतीने एका लहानशा धातूच्या कड्याने दिले.

म्हणजे भिंगऱ्यांच्या बाबतीत व्हाइटची शंका चुकीची ठरली. परंतु पक्षी सुप्तावस्थेत हिवाळा काढू शकतो, हा त्याच्या शंकेमागील मूळ विचार मात्र सर्वस्वी चुकीचा नव्हता. १९४६ च्या डिसेंबरमध्ये एडमंड जेगर या अमेरिकन निसर्गज्ञाला कॅलिफोर्नियातील एका डोंगराच्या कपारीत पूअरविल जातीचा, रातव्याच्या कुळातील एक पक्षी निश्चेष्ट स्थितीत आढळला. पुढील निरीक्षणांत तो खरोखर शीतनिद्रेत असल्याचे सिद्ध झाले. कपारीत दडलेला, कीटकांवर जगणारा, हिवाळाभर झोपलेला पक्षी या जगात होता. तो सेलबर्नच्या हँगरमध्ये नव्हता, इतकेच.

व्हाइटच्या नोंदींचे मूल्य त्याच्या निष्कर्षांवर अवलंबून नाही, हेही यावरून समजते. १७८३ च्या उन्हाळ्यात २३ जून ते २० जुलै या काळात पसरलेल्या विलक्षण धुक्याचे त्याने वर्णन केले. त्याचे कारण त्याला माहीत नव्हते. आइसलंडमध्ये त्या ८ जूनला सुरू झालेल्या लाकी येथील ज्वालामुखीच्या उद्रेकाशी त्या धुक्याचा संबंध आता प्रस्थापित झाला आहे. नोंद करणाऱ्याला अर्थ कळला नाही तरी नोंद प्रामाणिक असेल तर पुढील पिढीला तिचा अर्थ लावता येतो.

७

या विषयाचा महाराष्ट्राशी संबंध दोन प्रकारांनी येतो. पहिला निसर्गाचा. युरोपच्या बागेतून हिवाळ्यात जे पक्षी नाहीसे होतात त्यांचेच भाऊबंद त्या ऋतूत आपल्याकडे येतात. माळभिंगरी ही महाराष्ट्रात हिवाळी पाहुणी आहे. धोबी पक्ष्याच्या कित्येक जाती आणि रानबदकांचे थवे दिवाळीच्या सुमारास येथील तळ्यांवर उतरतात. त्यामुळे युरोपात जो प्रश्न ‘पक्षी कोठे जातात?’ असा होता, तो येथे ‘पक्षी कोठून येतात?’ असा आहे. वर्षाकाळाच्या आरंभी हंस मानस सरोवराकडे जातात हा संस्कृत काव्यातील रूढ संकेत आहे. पक्षी दूर उत्तरेस जातात ही कल्पना या देशात काव्याच्या पातळीवर मान्य होती. तिची दिवसवार नोंद मात्र पुष्कळ नंतर होऊ लागली.

दुसरा संबंध संस्थांचा. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत ज्या आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. सातारा येथे जन्मलेला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकविलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकन, जो ‘एहा’ या टोपणनावाने लिहीत असे, हाही त्यांत होता. घर आणि अंगण यांत वावरणारे बेडूक, मुंग्या, चिमण्या, कावळे यांविषयीचे त्याचे लेखन घराबाहेर न पडताही निसर्ग पाहता येतो या व्हाइटच्या परंपरेतीलच आहे. याच सोसायटीच्या वतीने १९५९ पासून सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम सुरू झाले. पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून विषाणू एका देशातून दुसऱ्या देशात जातात काय, हा प्रश्न त्या कामामागे होता आणि म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्याला साहाय्य केले. भिंगरी कोठे जाते हा बागेतील प्रश्न अशा रीतीने माणसांच्या आरोग्याचा प्रश्न झाला.

व्हाइटचे घर १९५५ पासून संग्रहालय म्हणून लोकांस खुले आहे आणि त्याची रोजनिशी अभ्यासकांस उपलब्ध आहे. तिच्यातील हिवाळ्याच्या पानांवर ‘दिसली नाही’ या अर्थाच्या नोंदी पुष्कळ आहेत. पंचवीस वर्षे एखादी गोष्ट शोधावी, ती सापडू नये, आणि तरीही ती सापडल्याचे एकदाही लिहू नये, याला जी सचोटी लागते तिच्यामुळेच हे दप्तर आज प्रमाण मानले जाते. पुराव्याअभावी प्रश्न उघडा ठेवणे हीही इतिहासकाराची एक कृती आहे. आणि सेलबर्नच्या या धर्मोपदेशकाने उघडा ठेवलेला प्रश्न नाताळच्या एका शेतघरात सुटला, तेव्हा त्याच्या नोंदींतील एकही ओळ खोडावी लागली नाही.